पुन्हा लावलेला मूळ रंग

जीर्ण झालेली वस्तू पुन्हा मूळ रूपात आणावी, ही इच्छा माणसाच्या मनात फार खोलवर असते. देऊळ असो, वाडा असो, घरातली पितळी समई असो किंवा आजोबांचे बंद पडलेले घड्याळ असो. आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्याचे काम मानले जाते. परंतु या पुण्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. आज केलेले काम जेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या कामासारखे हुबेहूब दिसू लागते, तेव्हा आपण सत्याची सेवा केलेली असते की एका असत्याची तयारी?

देवळाच्या किंवा वाड्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारला, की चर्चा लगेच श्रद्धा, इतिहास आणि अभिमान यांच्याकडे वळते. मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. म्हणून येथे मुद्दाम एक लहानशी वस्तू घेऊ, जिच्यात आपल्यापैकी फारशा कोणाच्या भावना गुंतलेल्या नसतील. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या इंजिनावरचे झाकण.

बोनेट उघडले की इंजिनाच्या माथ्यावर जे लांबट झाकण दिसते, त्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला टॅपेट कव्हर म्हणून ओळखतात. त्याच्याखाली व्हॉल्व्हची उघडझाप करणारे भाग आणि त्यांच्यावर सतत उडणारे तेल असते. तेल बाहेर येऊ द्यायचे नाही आणि धूळ आत जाऊ द्यायची नाही, एवढेच या झाकणाचे काम. ते काळे आहे की लाल, याने गाडीच्या चालण्यात तसूभरही फरक पडत नाही. तरीही इंजिनाचा सर्वांत आधी नजरेत भरणारा भाग तोच असल्यामुळे मोटार कंपन्यांनी त्यालाच इंजिनाचा चेहरा बनवले. फेरारीने १९५७ साली शर्यतीसाठी बनवलेल्या एका गाडीच्या इंजिनावरची कव्हरे लाल रंगवलेली होती आणि तिचे नावच ‘टेस्टा रोसा’ ठेवले गेले. इटालियन भाषेत त्याचा अर्थ लाल डोके. अमेरिकेत फोर्डच्या १९६५ सालच्या मस्टँगमध्ये २८९ घन इंचाच्या इंजिनाचा ब्लॉक काळा आणि कव्हरे सोनेरी असत; १९६६ च्या मॉडेलपासून सगळे इंजिन निळे झाले. शेव्रोलेच्या त्या काळातल्या व्ही-एट इंजिनांचा नारिंगी रंग तिथल्या जाणकारांना दुरूनही ओळखू येतो. जपानमध्ये होंडाने १९९५ साली इंटेग्रा टाइप आर ही गाडी आणली. तिचे कव्हर लाल होते, आणि तो रंग गुळगुळीत नव्हता. त्यावर हाताला जाणवतील अशा बारीक सुरकुत्या होत्या.

या लाल रंगाला अर्थ होता. टाइप आरचे इंजिन त्याच जातीच्या साध्या इंजिनांपेक्षा अधिक शक्तीचे आणि अधिक फेऱ्यांवर फिरणारे होते. लाल कव्हर ही त्याची खूण. पुढे जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या साध्या होंडा इंजिनांवरही लाल कव्हरे चढवली. कोणी ती विकत आणली, कोणी घरच्या घरी रंगवली. यातले बहुतेक निव्वळ हौसेपोटी झाले आणि त्यात पाप काढण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट मात्र यातून उघड झाली: रंग हे एक विधान आहे. झाकणाला तोंड नसते, तरी बोनेट उघडणाऱ्या प्रत्येकाला ते काहीतरी सांगत असते. आणि जे सांगितले जाते ते खरे किंवा खोटे असू शकते.

आता हे काम प्रत्यक्षात कसे होते ते पाहू. त्याशिवाय पुढचा विचार हवेत राहील.

इंजिन तापते, निवते, पुन्हा तापते. हजारो वेळा हे घडते. ॲल्युमिनियमच्या ओतीव कव्हरच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरते. कधी ब्रेक ऑइलचे थेंब सांडतात आणि तिथला रंग मऊ होऊन सुटतो. वीस-तीस वर्षांनी कव्हरचा रंग फिकट, पोपडे आलेला, कडांशी उघडा पडलेला असतो. मालकाला वाटते, गाडी कारखान्यातून आली त्या दिवशी हे जसे दिसत होते तसे पुन्हा करावे. तो कव्हर उतरवतो. येथून पुढचे नव्वद टक्के काम रंगाचे नसून स्वच्छतेचे असते. जुना रंग काढायचा, तेलाचा शेवटचा अंशही धुऊन काढायचा, कारण तेलावर रंग धरत नाही. कॉस्टिक सोडा वापरून हे झटपट करावे असे कोणाला वाटते, पण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमलाच खातो. काळे पडलेले, खड्डे पडलेले कव्हर हाती येते. कोणी काचेचे बारीक मणी जोराने मारून साफ करणाऱ्या यंत्राकडे नेतो. त्याने धातू सुंदर उजळतो. पण बहुतेक कव्हरांच्या आतल्या बाजूला तेलाचे शिंतोडे अडवणारा एक पत्रा बसवलेला असतो आणि त्याच्यामागे हे मणी जाऊन दडतात. कितीही धुतले तरी काही राहतात. कव्हर पुन्हा बसले, इंजिन तापले, की ते तेलात पडतात, तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचतात आणि बेअरिंग खरवडून काढतात. बाहेरून देखणे झालेले कव्हर आतून इंजिनाचा घात करते. मेकॅनिक मंडळींना हे चांगले ठाऊक असते, म्हणून जाणता कारागीर आधी तो पत्रा काढतो किंवा या यंत्राकडे जातच नाही.

सुरकुतीचा रंग तर साधकाची परीक्षा पाहावी तसा आहे. या रंगात वरचा थर हवेने आणि उष्णतेने आधी सुकतो, खालचा अजून ओला असतो. सुकताना वरची साय पसरू पाहते, पण तिला जायला जागा नसते, म्हणून ती दुमडते. त्या दुमडीलाच आपण सुरकुती म्हणतो. पूर्वी अशा रंगांत टंग नावाच्या झाडाच्या बियांचे तेल वापरत, कारण त्याचा हा स्वभावच आहे. रंग पातळ मारला तर सुरकुत्या पडतच नाहीत. जाड मारला तर मोठ्या पडतात. म्हणून एक थर आडवा, एक उभा, एक तिरका, मध्ये पाच-पाच मिनिटे थांबून, आणि मग साधारण ९० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत तासभर. एका कोपऱ्यात हात थोडा अधिक रेंगाळला, तर त्या कोपऱ्याची जाळी वेगळी दिसते. हे जमेपर्यंत माणूस निरुपयोगी पत्र्यांवर कितीतरी वेळा प्रयत्न करतो. शेवटी उठावाच्या अक्षरांवरचा रंग पॉलिश पेपरने घासून खालचा चंदेरी धातू उघडा करायचा असतो. ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, समपातळीत, अगदी हळू.

आणि रंगाची छटा? ती कुठून आणायची? डबीवर ‘शेव्रोले नारिंगी’ लिहिलेले असते, पण छापलेल्या नावावर विसंबून भागत नाही. आजच्या डबीतला नारिंगी आणि साठ वर्षांपूर्वीचा नारिंगी शेजारी ठेवले, तर ते भाऊ वाटतात, जुळे नव्हेत. गाडीवरचा जुना रंग पाहावा, तर तो उन्हाने आणि उष्णतेने बदललेला. अशा वेळी जाणकार एखादा ब्रॅकेट सोडवतो किंवा बोल्टखालची चकती उचलतो. तिथे, जिथे प्रकाश आणि तेल पोचले नाही, तिथे नखाएवढ्या जागेत कारखान्याचा रंग जवळपास होता तसा राहिलेला असतो. त्या नखाएवढ्या जागेवरून सगळ्या कव्हरचा रंग ठरवला जातो.

इथपर्यंत सारे कौतुकास्पद आहे. या कामात एक प्रकारचे आत्मविसर्जनही आहे. चित्रकाराला वाटते, आपली शैली दिसावी. येथे उलट आहे. रंगवणाऱ्याचा हात जराही ओळखू येता कामा नये, हेच त्याच्या कौशल्याचे माप. अमेरिकेतल्या कॉर्वेट गाडीच्या चाहत्यांनी हा विचार फार टोकाला नेला आहे. नॅशनल कॉर्वेट रिस्टोरर्स सोसायटी ही त्यांची संस्था १९७४ साली स्थापन झाली. तिचे परीक्षक गाडी सुंदर आहे का, हे पाहत नाहीत. कारखान्यातून त्या काळी अशी गाडी साधारणपणे जशी बाहेर पडे, तशी ती आहे का, हे पाहतात. आणि कारखाना काही शिल्पशाळा नव्हता. तिथे इंजिन जुळवून झाले की त्यावर भराभर नारिंगी फवारा मारला जाई. कव्हराच्या मागच्या बाजूला रंग विरळ पडे, पॅकिंगच्या कडांवर पडे, शेजारच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही उडे आणि पहिल्याच प्रवासात तिथून जळून जाई. आज ते इंजिन रंगवणारा मनुष्य आरशासारखा रंग देऊ शकतो. पण तसा दिला तर त्याचे गुण कापले जातात. त्याला कारखान्यातल्या घाईत असलेल्या कामगाराची ती उडती फवारणीही साधावी लागते.

अत्यंत काळजीपूर्वक निष्काळजीपणा करायचा, याला काही लोक हसतात. मला यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. त्या अनाम कामगाराने जसे केले तसे करणे, त्यात आपल्या आवडीची भर न घालणे, हा नम्रतेचा अभ्यासच आहे. आपण ग्रंथाची नक्कल करताना मूळ लेखकाचे वाक्य ‘सुधारत’ नाही, तसेच हे.

पण इथेच सावध व्हायला हवे. कारण खोटी वस्तू बनवणाराही हेच करतो. तोही स्वतःला पुसून टाकतो. त्याचाही हात दिसत नाही, त्याचीही सही नसते, तोही मूळ कारागिरापुढे संपूर्ण लीन असतो. बाहेरून पाहिले तर निष्ठावान जीर्णोद्धारक आणि नकली माल बनवणारा यांच्या कृतीत काहीच फरक नाही. तीच स्वच्छता, तीच चिकाटी, तीच नखाएवढ्या जागेवरून जुळवलेली छटा. अध्यात्माच्या मार्गावर चालणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा असे वाटते. आपण ‘मी’पणा गळाला की काम शुद्ध झाले असे सहज मानतो. हे उदाहरण दाखवते की मीपणा गळूनही काम अशुद्ध असू शकते. पतंजलींनी यमांमध्ये सत्य आणि अस्तेय यांना वेगवेगळी जागा दिली आहे, ती उगाच नव्हे. नकली वस्तू बनवणारा दुसऱ्याचे काम चोरत नाही. तो स्वतःचे काम दुसऱ्याच्या नावावर चढवतो. ही एक विचित्र, उलट दिशेची चोरी आहे. त्यात चोरीला जाते ते घेणाऱ्याचे जाणून घेण्याचे स्वातंत्र्य.

मग फरक कुठे आहे? रंगात नाही, हातात नाही, निष्ठेतही नाही. फरक आहे तो नंतर काय सांगितले जाते यात.

हे जरा उकलून पाहू. काम कच्चे असेल तर वस्तू स्वतःच साक्ष देते. ब्रशचे फटकारे, ओघळ, पॅकिंगवर चुकून लागलेला रंग. पाहणाऱ्याला विचारावेही लागत नाही, ‘हे नंतर रंगवलेले दिसते.’ अशा वेळी मालक गप्प राहिला तरी कोणाची फारशी फसगत होत नाही. काम जसजसे चोख होत जाते, तसतशी वस्तूची साक्ष मंदावते. आणि जुळणी तंतोतंत झाली की वस्तू पूर्ण मुकी होते. त्या क्षणी बोलण्याची सगळी जबाबदारी माणसावर येते. म्हणजे कौशल्य वाढले की नैतिक सवलत वाढत नाही, ऋण वाढते. ज्याचे काम अर्धवट आहे त्याला मौन परवडते, ज्याचे काम निर्दोष आहे त्याला परवडत नाही.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते: ‘मी खोटे बोललो नाही. विचारले असते तर सांगितले असते.’ व्यवहारात हे वाक्य फार चालते आणि ते फार पोकळ आहे. समोरच्याने विचारले नाही, कारण त्याला शंका आली नाही. आणि शंका येऊ नये याचसाठी तर आपण इतके तास खर्ची घातले होते. ज्याच्या मनातला प्रश्न आपण आपल्याच हाताने मिटवला, त्याने प्रश्न विचारायला हवा होता असे म्हणणे म्हणजे दिवा मालवून ‘तुला दिसत नव्हते का’ असे विचारणे.

आपल्याकडे जुन्या फेरारी किंवा कॉर्वेट फारशा कोणाच्या दारात नसतात, पण सेकंड हँड गाडी बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेली असते. गाडी विकायला काढायची म्हटली की आधी ती धुतली जाते. इंजिनही धुतले जाते, रबरी नळ्यांवर पॉलिश फिरते, आणि टॅपेट कव्हर कधी कधी चंदेरी किंवा काळ्या स्प्रेने नवे होऊन जाते. ‘कंपनी पेंट आहे’ हे शब्द त्या व्यवहारात सोन्यासारखे वापरले जातात. आता कव्हराच्या पॅकिंगमधून तेल झिरपत असेल, तर ते धुऊन, रंगवून, वर चमक आणून गिऱ्हाइकाला दाखवणे म्हणजे काय? काही आठवड्यांनी कडेला तेलाची रेघ पुन्हा उमटणारच असते, पण तोवर पैसे हातात आलेले असतात. याच कव्हराचे पॅकिंग बदलून, तेल थांबवून, मग रंग दिला आणि ‘पॅकिंग नवे टाकले, रंगही नवा दिला’ असे सांगितले, तर तोच स्प्रे, तोच रंग, तीच चमक सरळ होते. कोणी म्हणेल, गाडी स्वच्छ करून दाखवणे यात गैर काय? काहीच नाही. पाहुणे येणार म्हणून आपण घर झाडतो. पण ओल आलेली भिंत दिसू नये म्हणून तिच्यासमोर कपाट सरकवून ते घर विकणे हे झाडणे नव्हे.

दुसरी शंका अधिक तात्त्विक आहे. रंग बदलला म्हणून ती वस्तू ‘मूळ’ राहिली नाही का? मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन स्थविर राजा मिलिंदाला विचारतात, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय. आस, चाके, जू, की आणखी काही? यातला एकेक भाग रथ नाही आणि भागांपलीकडे वेगळा रथही सापडत नाही. रथ हे त्या जुळणीला दिलेले नाव. मग कोणी युक्तिवाद करू शकेल की मूळ असे काही नसतेच, सारेच सतत बदलते आहे, तर नव्या रंगाची एवढी चर्चा कशाला? हा युक्तिवाद चतुर आहे, पण चुकीच्या दारावर थाप मारतो. नागसेनांचा प्रश्न वस्तूच्या स्वरूपाविषयी आहे. आपला प्रश्न दोन माणसांमधल्या विश्वासाविषयी आहे. सर्व काही अनित्य आहे हे खरे मानले, तरी ‘हा रंग १९६५ सालचा आहे’ हे वाक्य खोटे असेल तर खोटेच राहते. अनित्यतेचा आधार घेऊन व्यवहारातली लबाडी झाकणे, हा तत्त्वज्ञानाचा फार स्वस्त वापर झाला.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. देवळातल्या झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप करतात. मूर्तीचे रूप त्याने बदलते, कधी बरेच बदलते. पण ती गोष्ट गावाला ठाऊक असते. दर्शन काही दिवस बंद असते, विधी होतात, लोक त्याविषयी बोलतात, क्वचित वादही घालतात. भक्त जेव्हा पुन्हा दर्शनाला येतो, तेव्हा आपण लेप दिलेली मूर्ती पाहत आहोत हे त्याला माहीत असते. म्हणून तिथे फसवणूक होत नाही. लेप योग्य होता का, हा वेगळा प्रश्न. तो प्रश्न उघडपणे विचारता येतो, हेच महत्त्वाचे.

आता जुन्या रंगाचीही बाजू ऐकायला हवी, कारण या सगळ्यात तो मुका साक्षीदार आहे. पोपडे आलेला, फिकट झालेला रंग आपल्याला अस्वच्छ वाटतो. पण तो एक प्रकारचा दस्तऐवज आहे. कारखान्यात कोणती छटा होती, थर किती जाड होता, खाली प्रायमर होता की नव्हता, फवारा कोणत्या बाजूने मारला, हे सारे त्यात लिहिलेले असते. एकदा तो रंग द्रवाने उतरवून धुऊन टाकला की ते पान फाटले. मूळ रंग वस्तूला एकदाच लागतो. नंतर लागतात त्या त्याच्या प्रती. वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली जी व्हेनिस सनद तयार झाली, तिने सांगितले की जिथे तर्क आणि अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबवावी, आणि नव्याने घातलेला भाग एकूण वास्तूशी मिळताजुळता असला तरी तो नवा आहे हे ओळखू यावे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे स्वीकारलेली ट्यूरिन सनद याच विचारावर उभी आहे; शक्य तेवढे जपा, गरज असेल तेवढेच बदला, आणि जे बदलले त्याची नोंद ठेवा, असा तिचा रोख आहे. बाजारानेही हे आपल्या पद्धतीने ओळखले आहे. ज्या गाड्यांना कोणी हात लावलेला नाही, त्यांना आता अनेकदा चकचकीत गाड्यांपेक्षा अधिक मान मिळतो. त्याचा परिणाम काय झाला? नवा रंग जुना दिसावा म्हणून मुद्दाम मळवणारे कारागीर निर्माण झाले. लबाडी नवेपणात नव्हती आणि जुनेपणातही नाही, हे दाखवायला याहून चांगला पुरावा कुठला?

येथे एक अडचण प्रामाणिक माणसालाही येते. कव्हर नवे रंगवले, पण त्याखालचा ब्लॉक तसाच जुना, काळवंडलेला आहे. जन्मदिवसाचा रंग दिला तर कव्हर परक्यासारखे उठून दिसते. शेजारच्या जुन्या रंगाशी जुळेल असा थोडा मंद रंग दिला, तर सगळे इंजिन एकजीव दिसते. पण ती छटा कारखान्यातून कधीच आली नव्हती. यातले खरे कोणते? माझ्या मते दोन्ही मार्ग खुले आहेत. डोळ्याला सुसंगती हवी असणे हा दोष नव्हे. वर सांगितलेली एकच अट दोन्हीकडे सारखी लागू पडते: पुढच्या माणसाला कळले पाहिजे.

आणि हा ‘पुढचा माणूस’ म्हणजे केवळ आपल्याकडून गाडी घेणारा नव्हे. आपण त्याला तोंडी सांगितले, त्याने पुढच्याला सांगितले नाही, किंवा तो विसरला, किंवा गाडी त्याच्या मुलाकडे गेली. वस्तूचे आयुष्य माणसाच्या आठवणीपेक्षा लांब असते. ज्या माणसाला आपण कधी भेटणार नाही, ज्याच्याकडून आपल्याला एक पैसाही मिळायचा नाही आणि ज्याचा रागही आपल्यापर्यंत पोचायचा नाही, त्याच्याशी खरे वागण्याची ही संधी आहे. अशा संधी आयुष्यात फार येत नाहीत. बहुतेक वेळा आपले खरेपण समोरच्याच्या डोळ्यांच्या धाकात असते. येथे धाक नाही. म्हणूनच तोंडी सांगणे पुरत नाही, लिहून ठेवावे लागते.

ते अवघडही नाही. गाडीच्या कागदपत्रांत एक कागद ठेवावा: कव्हर कोणत्या महिन्यात उतरवले, जुना रंग कसा होता, कशाने काढला, कोणता रंग किती थरांत दिला, छटा कशावरून जुळवली. काम सुरू करण्यापूर्वीची दोन-चार छायाचित्रे त्याला जोडावीत. कव्हराच्या आतल्या बाजूला मात्र काही रंगवू किंवा चिकटवू नये. तेलात ते सुटते आणि मण्यांसारखाच त्रास देते.

आणि सगळा जुना रंग उतरवू नये. ब्रॅकेटखालची ती नखाएवढी जागा, जिच्यावरून छटा जुळवली, ती कागदी पट्टीने झाकून तशीच राखावी. ब्रॅकेट पुन्हा बसवला की ती बाहेरून दिसत नाही, जुळणीत काही उणे राहत नाही. कागद हरवला, तरी तिथे जुना आणि नवा रंग एकमेकांना लागून असतात, आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. आपण दिलेला रंगही कधीतरी उडेल. त्या वेळी जो कोणी पाना घेऊन तो ब्रॅकेट सोडवील, त्याला छटा जुळवायला तीच जागा लागणार आहे.